शाळेत मुलांच्या कण्याची तपासणी आणि कायदा: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका मराठी हायस्कुलात ३१ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. निवृत्त झालो तरी पालक-शिक्षक संघाच्या सभेला अजून बोलावणं येतं. तिथे आणि व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची एका जागी लिहून टाकली. मी डॉक्टर नाही. तुमच्या मुलाच्या एक्स-रेवर काय दिसतं ते डॉक्टरांनीच सांगायचं.

कण्याची तपासणी म्हणजे शोधतात तरी काय?

मुख्यतः स्कोलिओसिस. पाठीमागून पाहिलं तर कणा सरळ ओळंब्यात दिसायला हवा. काही मुलांत तो डावी-उजवीकडे बाक घेतो आणि त्याच वेळी मणके स्वतःभोवती थोडे फिरतात. एक्स-रेवर हा बाक १० अंश किंवा त्याहून जास्त भरला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. १० ते १६ या वयात शंभरात दोन-तीन मुलांना तो असतो. त्यातले बहुतेक बाक लहानच राहतात आणि त्यांना कधीच उपचार लागत नाहीत. २० अंशांच्या पुढे जाणारी मुलं हजारात तीन ते पाच.

दहातल्या आठ मुलांत कारण सापडत नाही. त्याला डॉक्टर ‘इडिओपॅथिक’ म्हणतात. ‘माहीत नाही’ला दिलेलं भारदस्त नाव, दुसरं काय!

दुखलं तर मूल सांगेलच ना?

हीच तर गोम आहे. बहुतेक मुलांना सुरुवातीला काहीच दुखत नाही. आणि घरात दिसतही नाही, कारण दहा-अकरा वर्षांचं मूल स्वतः आंघोळ करायला लागतं आणि आईला त्याची उघडी पाठ दिसायची बंद होते. नेमकं तेच उंची झपाट्याने वाढायचं वय, आणि बाकही त्याच काळात वाढतो.

माझीच गोष्ट सांगतो. सातवीतली एक मुलगी दोन वर्षं रोज माझ्यासमोर सावधान-विश्राम करत होती. मला काही दिसलं नाही. गणेश चवथीच्या सणाचा ड्रेस शिवायला टाकला तेव्हा शिंपीणबाईंनी दोनदा घेर सारखा केला, तरी तो एका बाजूने खालीच लोंबायचा. त्यांनी आईला विचारलं, “हिचा उजवा खांदा वर का गो?” एक्स-रे काढला, ३४ अंश निघाले. नंतर कितीतरी दिवस मी विचार करत होतो की आपल्याला कसं दिसलं नाही. उत्तर साधं होतं. पीटीचा मास्तर रांगेच्या पुढे उभा असतो. मी ३१ वर्षं मुलांच्या छात्या पाहिल्या, पाठी पाहिल्याच नाहीत.

जड दप्तराने किंवा पोक काढून बसल्याने हा बाक येतो का?

नाही. दप्तराने खांदे आणि पाठ दुखते, मूल पुढे झुकून चालतं. ती तक्रार खरी आहे, पण स्कोलिओसिस त्याने होत नाही. मोबाईलने होत नाही, एका कुशीवर झोपल्यानेही होत नाही. आयांनी स्वतःला दोष देणं बंद करावं.

दप्तराचा प्रश्न वेगळा आणि त्याची कागदपत्रंही वेगळी. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं की ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नको. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो, नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. शाळेत वजनकाटा ठेवावा असंही त्यात आहे. जुलै महिन्यात रेनकोट, पाण्याची बाटली आणि भिजलेल्या वह्यांसकट एक दप्तर त्या काट्यावर ठेवून बघा. पण हे धोरण आहे, कायदा नव्हे. २००६ साली राज्यसभेत दप्तराच्या वजनावर एक विधेयक मांडलं गेलं होतं, त्याचा कायदा झाला नाही.

मग आपल्याकडे कण्याच्या तपासणीचा कायदा आहे का?

फक्त कण्यासाठी म्हणून केंद्राचा कायदा नाही. पण एवढ्यावर थांबणं म्हणजे अर्धंच उत्तर झालं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ काढा आणि कलम २५ वाचा. अपंगत्व टाळण्यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करून ज्यांना धोका आहे ती मुलं शोधावीत, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. ‘सर्व मुलांची’ आणि ‘वर्षातून किमान एकदा’, हे शब्द पुन्हा वाचा. आणि हे नवं नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यातही ही तरतूद होती. म्हणजे सक्ती कागदावर तीस वर्षांपासून आहे. फक्त तपासणीत नेमकं काय काय पाहायचं, हे त्या कलमात लिहिलेलं नाही.

दुसरा धागा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा. हा २०१३ साली सुरू झाला. यात फिरतं वैद्यकीय पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातले अडथळे अशा चार गटांत सुमारे ३० व्याधींची मूळ यादी आहे. जन्मतः मणक्यांची नलिका नीट न मिटण्याचा दोष त्यात आहे, वाकडं पाऊल आहे, निखळलेला खुबा आहे, मुडदूस आहे. वाढीच्या वयात येणाऱ्या कण्याच्या बाकाचं नाव मात्र नाही. पथक येतं, दात बघतं, डोळे बघतं, वजन करतं. पाठ बघायची कोणी त्यांना सांगितलेलीच नाही, तर त्यांना बोल तरी कसा लावणार?

गोवा सरकार स्वतः असा कायदा करू शकतं का?

करू शकतं. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे. दोन्हीकडून पर्वरीच्या विधानसभेला वाट मोकळी आहे. मुलांच्या बाबतीत गोव्याने पूर्वी स्वतःचा कायदा केलेलाही आहे, २००३ चा गोवा बाल कायदा.

पण माझ्या मते नव्या कायद्याचा घाट घालायची गरजच नाही. १९८४ चा शालेय शिक्षण कायदा आहे, त्याखालचे १९८६ चे नियम आहेत. नियमांत दुरुस्ती करून ती राजपत्रात छापली तरी काम होतं. त्याहून सोपं म्हणजे आरोग्य खातं आणि शिक्षण खातं यांचं एकत्र परिपत्रक. मात्र परिपत्रक मुख्याध्यापकांच्या फायलीत जाऊन झोपतं आणि पुढच्या वर्षी कोणी उठवत नाही, हे मी जवळून पाहिलंय. म्हणून नियमाला माझी पसंती.

बाहेरच्या देशांत काय करतात?

जपानने १९७० च्या दशकाच्या अखेरीस शालेय आरोग्याच्या नियमांतून ही तपासणी सक्तीची केली. २०१६ पासून तिथल्या शाळांत हाडं, सांधे आणि हालचालींची तपासणीही वार्षिक तपासणीला जोडली आहे. हाँगकाँगमध्ये १९९५ पासून विद्यार्थी आरोग्य सेवेतून ती होते. अमेरिकेत देशभराचा एक कायदा नाही, राज्यागणिक वेगळा. टेक्सासात मुलींची दोनदा, साधारण १० आणि १२ व्या वर्षी, आणि मुलांची एकदा, १३-१४ व्या वर्षी तपासणी होते. मुलींची आधी, कारण त्या आधी वयात येतात. आणि त्यांची जास्त वेळा, कारण लहान बाक मुलग्या-मुलींत जवळपास सारखे असले तरी ३० अंशांच्या पुढचे बाक मुलींत कित्येक पटींनी जास्त दिसतात.

ब्रिटनने मात्र शाळेतली सरसकट तपासणी ठेवलेली नाही.

ब्रिटनने का नाही ठेवली? म्हणजे विरोधातही काही मुद्दे आहेत?

आहेत, आणि ते टाळून कायदा मागणं बरोबर नाही.

अमेरिकेतल्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवेवरच्या तज्ज्ञ मंडळाने २००४ साली सरळ सांगितलं होतं की लक्षणं नसलेल्या मुलांची सरसकट तपासणी करू नका. मिनेसोटातल्या रोचेस्टरचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. शाळेत तपासलेली २,२४२ मुलं वर्षानुवर्षं मागे जाऊन पाहिली, तेव्हा हिशेब असा निघाला की ४४८ मुलं तपासावी तेव्हा उपचार लागणारं एक मूल हाती लागतं. मधल्या मधे कितीतरी घरांत उगाच घबराट, उगाच एक्स-रे.

मग २०१३ साली ब्रेसचा, म्हणजे पाठीला घालायच्या प्लॅस्टिकच्या कवचाचा, मोठा अभ्यास आला. पाठीला ब्रेस लावलेल्या मुलांपैकी ७२ टक्के जणांचा बाक शस्त्रक्रियेच्या रेषेखाली राहिला, नुसती पाहणी केलेल्यांत ४८ टक्के. त्यानंतर २०१८ साली त्या मंडळाने आपला नकार मागे घेतला. पण होकारही दिला नाही. पुरावा अपुरा आहे, फायदा-तोटा ठरवता येत नाही, एवढंच म्हटलं. हाडांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या तिथल्या संघटना मात्र मुलींची दोनदा, मुलांची एकदा तपासणी करावी याच मताच्या आहेत.

तुम्ही स्वतः कोणत्या बाजूचे?

तपासणी व्हावी या बाजूचा, पण एका अटीवर. आपल्याकडे तपासणीचा दिवस हा सोहळा असतो. फोटो निघतात, रजिस्टर भरतं. पुढे त्या मुलाचं काय झालं हे कोणी विचारत नाही. रोचेस्टरच्या हिशेबात गोंधळ झाला तो जास्त मुलं पुढे पाठवल्याने. आपल्याकडे उलट होईल अशी मला धास्ती आहे: तज्ज्ञाला दाखवायची चिठ्ठी मिळेल आणि मूल पुढे पोचणारच नाही. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या गावातून गोमेकॉपर्यंत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळापर्यंत, जायचं म्हणजे बापाचा एक दिवस बुडाला. एक्स-रेसाठी दुसरा, ब्रेसच्या मापासाठी तिसरा.

म्हणून नियमात दोनच ओळी हव्यात. पहिली, सहावी आणि आठवीत पाठ तपासा. दुसरी, ज्याला चिठ्ठी दिली त्याला तीन महिन्यांत तज्ज्ञाने पाहिलं की नाही याची नोंद शाळेने आणि आरोग्य केंद्राने ठेवावी. दुसरी ओळ जमत नसेल तर पहिलीही नको.

शाळेत तपासणी कशी होते? कपडे काढावे लागतात का?

अर्ध्या मिनिटाचं काम. विल्यम ॲडम्स या इंग्लिश सर्जनने १८६५ साली सांगितलेली रीत अजून तशीच वापरतात. पावलं जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभं राहायचं, तळहात एकमेकांना लावून कमरेतून पुढे वाकायचं. तपासणारा मागून पाहतो. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर दुसरीपेक्षा उंच दिसली तर तिथे स्कोलिओमीटर ठेवतात. हे गवंड्याच्या लेव्हलच्या भावंडासारखं साधन, वीज लागत नाही. ५ ते ७ अंश किंवा जास्त कल दिसला की पुढे पाठवायचं. हा कल आणि एक्स-रेवरचे अंश एक नव्हेत. चिठ्ठीवर ७ लिहिलं म्हणून बाक ७ अंशांचा, असं समजू नका.

पाठ दिसायला हवी हे खरं, पण मुलींची तपासणी बाईनेच करावी, पडद्याआड, एकेकीला बोलावून, मागून उघडणारा गाऊन किंवा सैल बनियन घालून. सोबत मैत्रीण उभी राहिली तरी चालते. वर्गात रांग लावून सदरे वर करायला सांगणं अजिबात चालणार नाही. असं कुठे होत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. आणि निकाल मुलाच्या मित्रांसमोर मोठ्याने वाचायचा नाही. आठवीतल्या मुलीला ‘वाकडी’ हे नाव एकदा चिकटलं की शाळा सुटेपर्यंत सुटत नाही.

घरी बघता येईल का?

जरूर. वर सांगितलं तसंच वाकायला लावा आणि खाली बसून, डोळे पाठीच्या पातळीवर आणून पाहा. उभं असताना खांदे समान आहेत का, एक खवाटा जास्त बाहेर येतो का, लोंबत्या हातांमधून दिसणारी कमरेची फट दोन्हीकडे सारखी आहे का, हेही बघा. फरक वाटला तर स्टुलावर बसवून पुन्हा वाकवा. बसल्यावर फरक नाहीसा झाला तर बहुधा एक पाय किंचित आखूड असेल. तेही डॉक्टरांना दाखवावंच, पण ती वेगळी गोष्ट. दर सहा महिन्यांनी एकदा पुरे, रोज उठून पाठ बघत बसू नका.

कधी थांबू नये?

रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप आणि वजन घटणं. यातलं काहीही असेल तर शाळेच्या तपासणीची वाट पाहायची नाही. आपल्या देशात मणक्याचा टीबी अजून आहे, हे विसरू नका.

चिठ्ठी आली. आता कुठे जायचं?

आधी जवळच्या आरोग्य केंद्रात. तिथून म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, नाहीतर बांबोळीला गोमेकॉच्या हाडांच्या विभागात. उभ्याने पूर्ण कण्याचा एक्स-रे काढतात. त्यावर दोन गोष्टी मोजतात: बाक किती आणि वाढ किती शिल्लक. दुसरी गोष्ट पालक विचारायला विसरतात. २५ अंशांचा बाक अकरा वर्षांच्या मुलीला काळजीचा, सतरा वर्षांच्या मुलीला बहुधा नाही. मुलीची पाळी कधी सुरू झाली हे डॉक्टर विचारतील, आईने तारीख लक्षात ठेवून जावं. जुने एक्स-रे जपून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा काढावे लागत नाहीत. वाढत्या मुलींना किरणं जितकी कमी तितकी बरी.

ब्रेस म्हणजे काय, आणि आपल्या उकाड्यात तो घालणार कसा?

मापाने बनवलेलं प्लॅस्टिकचं कवच, कपड्यांच्या आत घालायचं. बाक साधारण २५ ते ४० अंश असेल आणि उंची वाढत असेल तेव्हा देतात. तो कणा सरळ करत नाही, बाक वाढू देत नाही. अपेक्षा एवढीच ठेवा, म्हणजे निराशा होत नाही.

खरं युद्ध तासांचं. त्या २०१३ च्या अभ्यासात मुलांना दिवसाला किमान १८ तास घालायला सांगितलं होतं. ब्रेसमध्ये बसवलेल्या तापमानाच्या यंत्राने खरे तास मोजले. ज्यांनी सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घातला, त्यांच्यातल्या ९० टक्क्यांहून अधिक मुलांना यश आलं. डॉक्टर सांगतील तेवढे तास घालायचा, पण एखाद्या दिवशी कमी झाला म्हणून रडारड नको.

मे महिन्यातला घाम आणि पावसाळ्यातली ओल, दोन्ही आपल्या नशिबी आहेत. आत शिवण नसलेला सुती बनियन, तो दिवसातून दोनदा बदलायचा, आणि सुरकुती पडू द्यायची नाही. पावडर, तेल, क्रीम काही लावायचं नाही. त्याने कातडी मऊ पडून सोलते. कवच आतून ओल्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवायचं. उन्हात ठेवाल तर प्लॅस्टिकचा आकार बिघडेल. जुलैत बनियन वाळत नाहीत, म्हणून सहा-सात तरी हवेत. गणवेश एक माप मोठा शिवा. माझी ती सातवीतली मुलगी बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, खिडकीकडे बसायची, ब्रेसमुळे वाकून दप्तर उचलता येत नसे. तिची मैत्रीण न सांगता दोन दप्तरं घेऊन उतरायची.

हाडवैद्याकडे नेलं तर? योगासनांनी सरळ होईल का?

कणा ‘बसवून’ घ्यायला कोणाकडे नेऊ नका. निखळलेला सांधा आणि वाढत्या हाडांचा बाक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्यायामाचा उपयोग आहे. स्कोलिओसिससाठी श्रॉथ नावाची खास व्यायामपद्धत आहे, ती शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून शिकावी. योगासनांनी मूल लवचीक राहतं, उत्तम. पण ब्रेसच्या जागी आसनं आणि तीही टीव्ही बघून, यात वाढीची मोलाची दोन वर्षं निघून जातात.

शस्त्रक्रिया कधी?

बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला की तिचा विचार होतो. मोठी शस्त्रक्रिया आहे, मणके सळया आणि स्क्रूंनी जोडून टाकतात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचं कार्ड असेल तर तारीख घेण्याआधी इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या.

खेळणं बंद करायचं का?

मुळीच नाही. फुटबॉल, पोहणं, चवथीची फुगडी, सगळं चालू. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे. पुढे काही सांगायला हवं का?

पुढे लग्न, बाळंतपण?

हा प्रश्न सभेत कोणी विचारत नाही, सभा संपल्यावर आजी मला पायरीवर गाठून विचारतात. आयोवात उपचार न झालेल्या रुग्णांना पन्नास वर्षं मागोवा ठेवून पाहिलं. बहुतेकांनी नोकरी-संसार चारचौघांसारखा केला. पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, दिसण्याबद्दल मनात सल होता, आणि छातीच्या भागात फार मोठा बाक असलेल्यांना धाप लागायची. बाळंतपणाला सहसा अडचण येत नाही. मुलीच्या लग्नाच्या काळजीने चिठ्ठी लपवणारे मात्र तिचं खरंच नुकसान करतात.

पालक नकार देऊ शकतात का?

माझ्या मते तो हक्क असायलाच हवा. टेक्सासच्या कायद्यातही धार्मिक कारणाने सूट मिळते, किंवा बाहेरच्या डॉक्टरांचा दाखला चालतो. आपल्या नियमातही आधी घरी चिठ्ठी जावी आणि सही घ्यावी.

आमच्या शाळेत सुरू करायचं तर पहिलं पाऊल कोणतं?

पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठराव घ्या. मजकूर एवढाच: “इयत्ता सहावी व आठवीच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत पुढे वाकवून पाठीची तपासणी करावी, मुलींची तपासणी महिला कर्मचाऱ्याने करावी, आणि पुढे पाठवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची तीन महिन्यांनंतरची स्थिती नोंदवावी.” खाली २०१६ च्या कायद्याच्या कलम २५ चा उल्लेख करा. एक प्रत मुख्याध्यापकांना, एक भागशिक्षणाधिकाऱ्यांना, एक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. तिन्हींच्या पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या.